नव्या क्रुसाभोवती

यादवी युद्धाच्या त्या वर्षी टेक्सासचा गुरंवाला अमोस टॅकेट आपल्या कुरणात चोरट्या बंदुका पुरू देत होता. नदीपलीकडून माणसं शवपेट्यांत भरून बंदुका आणायची आणि पुरून वर क्रूस रोवून जायची.

एका दुपारी सगळी गुरं नव्या क्रुसाभोवती जमली. चरेनात, नुसती माती हुंगून हंबरत राहिली. अमोसने चाबूक ओढला, तरी एकही जागचं हललं नाही.

"लोखंडासाठी गुरं रडत नाहीत, अमोस," बायको डेलिया म्हणाली. "आपला गुराखी सेवेरियानो कुठे गेला?"

"काम सोडून गेला, असं ती माणसं म्हणाली."

"आपला घोडा इथेच ठेवून?"

अमोसने फावडं आणलं. पेटीत बंदुका नव्हत्या. या गुरांना वासरं असल्यापासून वाढवणाऱ्या सेवेरियानोचं प्रेत होतं. त्याने नको ते पाहिलं असावं, म्हणून त्या माणसांनी त्याला मारलं होतं.

 तेवढ्यात गुरं एकदम गप्प झाली आणि सगळ्यांनी नदीच्या वाटेकडे माना वळवल्या. तीच माणसं येत होती.

नवराबायको कळपाच्या मधोमध उभी राहिली. माणसांनी टाचा मारमारून पाहिलं, पण त्यांचे घोडे त्या मुक्या गुरांपुढे पाऊल टाकेनात. शेवटी ती माणसं माघारी वळली आणि पुन्हा कधी आली नाहीत.