हँडलवरचा टॉवेल

“नाना, इथं सही करा.” इंजिनियर रविराजने जबाबाचा कागद पुढे सरकवला.

कागदावर लिहिलं होतं, की मयत कल्याण याने वीजपुरवठा बंद न करता उसाच्या गव्हाणीत उतरून स्वतःच अपघात ओढवून घेतला. भिमाजीने ती ओळ दोनदा वाचली. साखर कारखान्यात तो सव्वीस वर्षं वायरमन होता.

“त्याचा टावेल हँडलवर हुता, साहेब. म्या सोता काढला.”

“पण हँडल कुठं जोडलेलं होतं, नाना?”

पूर्वी गाळपाकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीच्या पट्ट्यात मोळी अडकली, की माणूस भिंतीवरचं हँडल ओढून पट्टा बंद करायचा, त्यावर आपला टॉवेल टाकायचा आणि मगच खाली उतरायचा. टॉवेल दिसतोय तोवर त्या हँडलला हात लावायची कुणाची छाती नव्हती. यंदा हंगामाआधी मोटारी आपोआप चालू-बंद करणारे नवे ड्राइव्ह बसले. ऊस गाळणाऱ्या मिलचा ड्राइव्ह गव्हाणीच्या ड्राइव्हला परस्पर कळवायचा: माझ्यावर भार झालाय, थांब, मी मोकळा झालो, चल. मध्ये माणूस नाही आणि हँडलही नाही. दोघांमधली वायर भिमाजीनेच ओढली होती. “आता ही दोघं आपसात बोलत्यात, आपन च्या प्यायचा,” असं म्हणत तो चार दिवस मिरवलाही होता.

जुनं हँडल काढून टाका, असं रविराजने तेव्हाच बजावलं होतं. भिमाजीने मागच्या वायरी तोडल्या, पण हँडल काही त्याच्याने काढवेना. इतक्या वर्षांत हात लागून लागून ते गुळगुळीत झालं होतं. तेवढी माया नडली.

कल्याण दरवर्षीचा हंगामी कामगार, यंदा त्याच सकाळी रुजू झालेला; नव्या ड्राइव्हची त्याला कल्पना नव्हती. मोळी अडकली, मिलवर भार आला म्हणून गव्हाण आधीच थांबली होती. त्याने सवयीने हँडल ओढलं, टॉवेल टाकला आणि उतरला. हँडल जागेवर नसतं तर त्याने कुणाला विचारलं तरी असतं. मिल मोकळी झाली आणि तिने गव्हाणीला चल म्हटलं.

“सही नाही केली तर चूक कुणाची, ते लिहावं लागेल,” रविराज हळू आवाजात म्हणाला. “आठ महिन्यांत रिटायर होताय, नाना.”

भिमाजीने पेन घेतलं. ती ओळ खोडून खाली लिहिलं: ‘कल्याणने हँडल ओढून टॉवेल लावला होता. हँडल बंद पडलेलं होतं. ते मी काढलं नाही.’ मग सही केली.

संध्याकाळी तो टॉवेल घेऊन कल्याणच्या घरी गेला. कल्याणच्या बायकोने, राजेश्वरीने, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

“नाना, लोकं म्हनत्यात, पिऊन उतरलं हुतं. त्येंनी टावेल लावला हुता ना?”

“लावला हुता, पोरी. त्याची काय बी चूक न्हाई.”

तिचे डोळे भरून आले. “मंग गव्हान चाललीच कशी?”

भिमाजीला पळून जावंसं वाटलं. “हँडलच्या वायरी म्या तोडल्या हुत्या. निस्तं हँडल ठिवलं,” तो म्हणाला. “जिवावर आलं काढायला.”

राजेश्वरीने त्याच्या हातातला टॉवेल घेऊन उराशी धरला, त्याच्यापुढचा भरलेला तांब्या उचलला आणि आत निघून गेली.