सेल्वमला ओवाळायचं की नाही

मित्रांनो, मी ओवाळायची एक जुनी पितळी ताटली आहे, आणि आमच्या श्रीनिवासचं हल्लीचं वागणं मला मुळीच पटत नाही. पटणं राहू द्या, कळतच नाही.

मी पुण्याच्या तांबट आळीत हातोडीचे ठोके खाऊन घडले. उल्काच्या लग्नात रुखवतात मिरवले, तिच्याबरोबर सिंगापूरला, पासिर रिसच्या फ्लॅटवर आले. तिचा नवरा श्रीनिवास नोकरी करतो जुरोंग आयलंडवरच्या तेल कारखान्यात, जीव त्याचा स्वतः चालवतो त्या धावण्याच्या क्लबात. शर्यतीआधी धावणारी पोरं घरी येत. उल्का त्यांना ओवाळी, हातावर दही घाली. चिनी, तमिळ, इंग्रज, सगळे माझे फोटो काढत. मी मिरवून घेई. का नको?

गेल्या वर्षी क्लबातल्या ऑलिव्हरवर पोलीस केस झाली. टॅक्सीवाल्याला मारलं म्हणे. पोरगा लंडनहून नुकता आलेला. श्रीनिवास म्हणाला, "नुसता आरोप आहे. हळवं पोर, घरापासून लांब." क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांनी लाल बदामाचे इमोजी पाठवले. आम्ही त्याला ओवाळलं. बरंच केलं.

यंदा तसाच आरोप क्लबातल्याच तमिळ सेल्वमवर आला. तर हाच श्रीनिवास म्हणतो, "मला पहिल्यापासून शंका होती. ही माणसं तापटच." ग्रुपवर कुणी लिहिलं, याला परत पाठवा. मी चक्रावले. पोरगा जन्मला इथल्याच सेंगकांगला, राहतो सेंगकांगला. परत पाठवणार कुठं, लिफ्टने खाली?

लेक जाई इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "बाबा, सेम केस लाह."

"तुला नाही कळायचं."

मलाही कळलं नव्हतं. म्हणजे आम्ही दोघी झालो.

आज शर्यत. सेल्वम आला, बूट काढून दारात उभा राहिला. "अंकल, आय कॅन रन?"

उल्काने दिवा लावला होता. श्रीनिवास दारात आडवा आला. "ताटली आत ने. शर्यतीतून याचं नाव मी काढून टाकतोय."

उल्का ना पुढे, ना मागे.

मित्रांनो, भांड्याने माणसांत बोलू नये, ही आमची रीत. आज ती मोडली. मी खणखणीत बोलले:

"श्रीनिवास, खरंखोटं कोर्ट बघेल. ऑलिव्हरसाठी थांबलास, तसा याच्यासाठी थांब. मला चिंचेने घासलं नाहीस तरी चालेल, पण कातडी बघून ओवाळणार असशील, तर आजच फडताळात टाक मला. आता बाजूला हो. दिवा विझतोय."