पाळलेली आज्ञा

त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीवाल्याच्या हातचं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असायचे आणि खिडकीशी बसून तो मेणात एकेक दात बसवायचा. माणूस शब्दाचा पक्का. देवाच्या बाबतीत तर अंमळ जास्तच. त्याच्या प्रार्थना-मंडळीत देवाची आज्ञा थोरल्यांच्या, म्हणजे मंडळीच्या प्रमुखांच्या, तोंडून यायची, आणि ती आली की हा का म्हणून विचारायचा नाही.

नऊ वर्षांपूर्वी आज्ञा आली, की जे मंडळी सोडून गेले त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना दार उघडायचं नाही. त्याची ताई त्याच वर्षी सोडून गेली होती. आई वारली तेव्हा हा चार वर्षांचा, ताई चौदाची. तिनेच याला न्हाऊमाखू घातलं, आपली शाळा सोडून याला शाळेत पाठवलं, पुढे या धंद्याला लावलं. त्याने आज्ञा ऐकली. हे वाईट आहे, असं त्याला लख्ख वाटलं. मग वाटलं, इतकं जड जातंय म्हणजे आज्ञा खरीच असणार. सोपं काय, कुणीही पाळेल.

दोन वर्षांनी एका दुपारी दारावर थाप पडली.

"अरे, मी आहे. तुझे दाजी गेले रे सकाळी. घरात मी एकटीच आहे."

त्याच्या हातात नुकतं कालवलेलं प्लास्टर होतं. बायको उठली, तशी त्याने तिचं मनगट धरलं. आणखी एक थाप पडली. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग जिना उतरणारी पावलं. वाटीतलं प्लास्टर दगडासारखं झालं होतं, ते वाटीसकट टाकून द्यावं लागलं. त्या रविवारी थोरल्यांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला रडू आलं, आणि ते भक्तीचं आहे असं त्याने मानलं.

गेल्या महिन्यात थोरल्यांची धाकटी मुलगी मंडळी सोडून गेली. तीनच आठवडे लोटले आणि भर सभेत नवी आज्ञा आली. तुटलेली नाती जोडा, गेलेल्यांना घरी बोलवा. लोक डोळे पुसत एकमेकांच्या गळ्यात पडले. कवळीवाला मात्र खुर्चीला खिळल्यासारखा बसून राहिला.

सोमवारी थोरले दुकानात आले. जुनी कवळी सैल झाली होती, नवं माप द्यायचं होतं. त्याने पावडर पाण्यात कालवली, साचा भरला आणि थोरल्यांच्या तोंडात दाबून धरला. घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही.

"थोरले, एक विचारतो," तो म्हणाला. "देव बदलला, की तुमच्या घरावर बेतलं?"

थोरल्यांचे डोळे मोठे झाले.

"माझे दाजी वारले तेव्हा मी आत बसून होतो. तुम्ही सांगितलं म्हणून. ती आज्ञा खरी असेल तर ही कशी खरी? आणि ही खरी असेल, तर मी काय केलं?"

साचा त्याने हलू दिला नाही. पोटापाण्याचं काम, ते चुकलं नाही. वेळ झाल्यावर त्याने साचा अलगद सोडवून काढला. थोरल्यांनी तोंड पुसलं. दातांशिवाय त्यांचे शब्द मऊ, गिळगिळीत येत होते.

"अरे, परीक्षा होती ती. कुणाचं काळीज जिवंत आहे, आज्ञा मोडूनही दार कोण उघडतं, ते देवाला बघायचं होतं."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"मला आत्ता उमगलं."

"मग माझ्या पाठीवर हात कशाला ठेवलात?"

थोरले खुर्चीतून उठले. "देव क्षमा करतो," ते म्हणाले. "कवळी शुक्रवारपर्यंत होईल ना?"

रात्री तो जेवायला बसला. त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ताट बाजूला सारून म्हणाली, "मी जात होते ताईंकडे. पहिल्यापासून. दाजींच्या वेळीही गेले होते, औषध आणायला म्हणून."

"नऊ वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू थोरल्यांना जाऊन सांगितलं असतंस."

तो भडकून काही म्हणणार, तोच ती पुढे म्हणाली, "त्या सुताराचं सांगितलंस की नाही? मंडळी सोडलेल्या लेकाला चोरून भेटायचा म्हणून."

सांगितलं होतं. सुताराला मंडळीतून काढलं होतं. देवाने फसवलं, थोरल्यांनी फसवलं, बायकोने फसवलं, असं तो मनात मोजत होता. आता त्याच्या लक्षात आलं, की बायकोला नऊ वर्षं ज्याच्यापासून लपावं लागलं, तो हाच.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो ताईकडे गेला. तिने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, आणि समोरचा एक दात पडला होता. ते त्याला आधी दिसलं, सवयीने.

"नवी आज्ञा आली म्हणून आलास?"

"नाही," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "पण ती यायच्या आधी आलो नाही, हेही खरं."

त्याने परीक्षेची गोष्ट सांगितली. ताईचा चेहरा आक्रसला.

"तुझ्या दाजींना उचलायला चार माणसं मिळेनात. शेजारच्या गल्लीतली दोन अनोळखी पोरं आली, तेव्हा निघालो. ती कुणाची परीक्षा होती रे? माझी तर नव्हती. मी तर प्रश्नपत्रिका मागितलीच नव्हती."

"मला तेव्हाही वाटलं होतं, हे वाईट आहे म्हणून."

"वाटलं होतं ना?" ती म्हणाली. "मग ते वाटणं कुठून आलं होतं, तेवढं एकदा विचारायचंस. थोरल्यांना नाही. स्वतःला."

तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि स्वतः लांबच्या खुर्चीत बसली. पूर्वी ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. आज फिरवला नाही, आणि त्यानेही डोकं पुढे केलं नाही.

निघताना तो म्हणाला, "तुझ्या दाताचं माप घेऊ का?"

"माझं चालतंय." ती थोडं थांबली. "पुढच्या वेळी कळवून ये. मी घरी असेनच असं नाही."

थोरल्यांची कवळी त्याने शुक्रवारी वेळेवर दिली, नीट घासून, चकचकीत करून. रविवारी तो प्रार्थनेला गेला नाही. सकाळीच अंघोळ करून तो सुताराचं नवं घर कुठं आहे ते विचारत बाहेर पडला.