निळे पडदे

ठक, ठक, ठक. माझ्या अंगात पहिला खिळा शिरला, तो आवाज अजून कानात आहे. मी एक प्लायवूडचा आडोसा बोलतोय. हा हॉल पूर्वी लग्नांसाठी भाड्यानं द्यायचे. मग तो सरकारनं घेतला आणि मधोमध मला उभं केलं.

आता इथं लग्नं तपासतात. परदेशातून आलेल्या माणसानं इथल्या बाईशी लग्न केलं, तर ते खरं की नुसतं नागरिकत्वासाठी, ते बघायचं. नवरा माझ्या या अंगाला, बायको त्या अंगाला. प्रश्न तेच. उत्तरं जुळली की लग्न खरं. काही जोडपी टूथब्रशच्या रंगासकट सगळं घडाघडा म्हणून दाखवतात, पास होतात आणि दाराबाहेर पडताच दोन दिशांना जातात. मला दोन्हीकडचं ऐकू येतं. पण मला विचारतो कोण?

एकदा एक गवंडी आणि त्याची शिवणकाम करणारी बायको आली. गवंडी बाहेरच्या देशातला. उत्तरं चुकली, तर त्याला परत धाडणार होते.

"घरात घोरतं कोण?"

"ती," इकडून गवंडी.

"हेच. मी कशाला घोरू?" तिकडून बायको.

"खोलीतले पडदे कुठल्या रंगाचे?"

"निळे," गवंडी ठामपणे म्हणाला.

"कसले पडदे? लोकांचे शिवता शिवता आमचे राहूनच गेले. यांनी आणलेलं निळं कापड कधीचं ट्रंकेत पडलंय."

मला हसू आवरेना. तिच्या बाजूच्या मॅडमही हसल्या. "साहेब, हे पक्के नवरा-बायको आहेत हो."

"भांडणाला गुण नाहीत, मॅडम," गवंड्याच्या बाजूचे साहेब म्हणाले आणि 'लग्न बनावट' असा शेरा मारून मोकळे झाले.

बाहेर पडताना ती नवऱ्यावर करवादली, "न शिवलेले पडदे तुम्हाला दिसले तरी कसे?"

"तू शिवते म्हणाली होतीस ना. मी धरून चाललो."

गवंड्याला परत धाडलं.

परवा ती एकटीच आली. पिशवीतून निळे पडदे काढून तिनं साहेबांच्या टेबलावर पसरले. काठ नीट दुमडून शिवलेले.

"आता यांचं उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली.

"बाई, उत्तर त्या दिवशी बरोबर असावं लागतं."

बाबांनो, माझे खिळे उपटा. खुराड्याला लावा, चुलीत घाला. पण दोन माणसांच्या मध्ये नका उभं करू.

तिनं पडद्यांची घडी घातली. नवरा बसला होता त्या खुर्चीकडं एकदा पाहिलं, आणि निघून गेली.