हाताने सुटलेला नट

पाना लावण्याआधी विनताने सहज म्हणून दोन बोटांनी नट फिरवून पाहिला, आणि तो फिरला.

जुन्या लष्करी जोंग्याखाली उताणी पडलेली ती क्षणभर तशीच राहिली. गेला आठवडाभर या गाडीचा एकेक नट तिच्याशी हाडवैर धरून होता. रॉकेल पाजावं, हातोडी मारावी, पान्यावर सगळं वजन टाकावं, तेव्हा कुठे एखादा कुरकुरत सुटायचा. टाकीच्या तळाचा हा मात्र मुकाट्याने हातात आला. त्याभोवती ग्रीसमध्ये बुडवलेली कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. ती तिने काढून हत्यारांच्या पेटीत टाकली आणि खाली घमेलं सरकवलं.

यायचं होतं पेट्रोल, आलं पाणी. तांबूस, गंजकट, आणि थांबेचना. त्याच्यामागून कुजकट वासाचं जुनं पेट्रोल आलं.

"आई, टाकीत पाणी आहे," ती खालूनच म्हणाली. "म्हणून बंद पडली होती गाडी. इंजिनाला काही झालंच नव्हतं."

भानुमतीबाई पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी घमेल्याकडे पाहिलं आणि भाजी तशीच टाकून आत गेल्या. गाडीखालून माणसाचे फक्त पाय दिसतात. ते आत जाताना विनताने पाहिले, पण त्यात काही वेगळं तिला वाटलं नाही.

जोंगा तिच्या वडिलांचा, विष्णुपंतांचा. लष्करासाठी या दांडग्या गाड्या जबलपुरातच तयार व्हायच्या, आणि तिथे विष्णुपंतांनी उभी नोकरी टाक्या आणि पेट्रोलच्या नळ्या बसवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातला एक जोंगा रांझीच्या घरी आणला. सहा सिलिंडरचं ते इंजिन सुरू झालं की गल्लीतली झोपलेली पोरं उठायची. मग एका सकाळी ते सुरूच झालं नाही. विष्णुपंत दिवसभर त्याच्याशी झटले, संध्याकाळी हात पुसत म्हणाले, इंजिन गेलं, आता माझ्याच्यानं होत नाही. किल्ली खुंटीला लागली ती लागलीच. त्यानंतरही ते दर दसऱ्याला गाडीला हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे. गाडी मात्र तसूभर हलत नसे.

ते गेल्यावर भानुमतीबाईंनी एकच धोशा लावला, की ही दारातून हलवा. भंगार घेणारा नथ्थू कबाडी दोनदा येऊन पाहूनही गेला. विनता शाळेत भूगोल शिकवायची. स्वतःच्या स्कूटरचा प्लगही तिने कधी काढला नव्हता. तरी ती अडून बसली. शेवटी मायलेकींचं ठरलं: दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी गाडी आपल्या चाकांनी फाटकाबाहेर गेली तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी नथ्थू.

"काहून हात काळे करून राहिली?" भानुमतीबाई रोज विचारत. शेजारचे बापूसाहेब कुंपणावरून सांगत, की हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा हे खरं, पण त्याला पुरायला जागा लागते.

विनता शिकत गेली, म्हणजे आधी चुकत गेली. मोबाइलवर पाहून तिने कार्बोरेटर उलगडला, तर त्यातली स्प्रिंग उडून तुळशीत पडली. उंदरांनी खाल्लेल्या वायरी तिने नव्या घातल्या. प्लगच्या वायरी उलटसुलट लावल्या, तेव्हा असा बार उडाला की बापूसाहेबांच्या हातून चहा सांडला. पण त्या बारानेच तिला हुरूप आला. मेलेला हत्ती आवाज करत नाही.

दसऱ्याला दुपारी तिने हार घातला, लिंबं ठेवली आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली. दुसऱ्यांदा नुसतीच थरथरली. तिसऱ्यांदा मागून निळ्या धुराचा लोट निघाला आणि सहाच्या सहा सिलिंडर एका सुरात गर्जले. विनताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते येऊ दिलं. क्लच सोडताना गाडीने हिसका दिला, लिंबं फुटली, फाटकाचा जुना ओरखडा पडलेला खांब थोडक्यात वाचला, आणि जोंगा रस्त्यावर आला. नथ्थू अंदाज घ्यायला आजच येऊन उभा होता. त्याने आपला ठेला बाजूला घेतला आणि सगळ्यांत आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या.

भानुमतीबाई ताट घेऊन आल्या. बॉनेटला कुंकू लावलं, ओवाळलं. विनता इंजिन बंद करायला लागली तशी त्यांनी तिचा हात धरला.

"चालू राहू दे. बंद केलं तर माझ्यानं बोलवणार नाही." त्या खिडकीशी वाकल्या. "ते पाणी मीच टाकलं होतं, विनू. देवघरातला नर्मदेचा गडू अख्खा ओतला."

काचबिंदूने विष्णुपंतांची नजर चालली होती आणि ते अंदाजाने गाडी हाकत होते. फाटकाचा खांब घासला, बडा फुहारा चौकात एक फळवाला थोडक्यात वाचला. तुम्हाला दिसत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायला भानुमतीबाईंची जीभ रेटली नाही. म्हणून सगळं नर्मदामाईवर सोपवलं. तेव्हापासून गडू पालथाच होता. नंतर ते रोज सकाळी पायरीवर बसून गाडीकडे पाहायचे, आणि भानुमतीबाई त्यांच्यापुढे चहा ठेवून लगेच आत जायच्या.

"फसवलं मी त्यांना. जाईपर्यंत सांगितलं नाही."

विनताने मागच्या सीटवरची पेटी ओढली आणि तळातून ती पट्टी काढली. ग्रीसने काळी झाली होती, तरी कडेला अंजिरी रंग आणि काठाची वेल दिसत होती.

"ही टाकीच्या नटाला गुंडाळलेली होती, आई. ग्रीस लावून. अख्ख्या गाडीत तेवढा एकच नट जाम नव्हता."

भानुमतीबाईंनी काठ चिमटीत धरला.

"ही तर माझी साडी. त्या दिवशी हीच नेसली होती मी. पेट्रोलचा वास काही जाईना, म्हणून मंग फडक्याला फाडली..."

त्या थांबल्या. अंगठा वेलीवरून फिरत राहिला. इंजिन गुरगुरत होतं. हळूहळू त्यांचा चेहरा सैल होत गेला. इतक्या वर्षांत विनताने तो असा पाहिला नव्हता.

"म्हणजे नट उघडून पाहिला होता त्यांनी. सगळं ठाऊक होतं. लबाड माणूस," त्या पुटपुटल्या.

पट्टी त्यांनी कमरेला खोचली, ओवाळणीचं ताट बापूसाहेबांच्या हातात दिलं आणि तरातरा घरात गेल्या. परतल्या तेव्हा हातात रिकामा गडू होता. पदर सावरत त्या पुढच्या सीटवर चढल्या आणि गडू मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या.

"चल, नर्मदेवर, ग्वारीघाटाला. देवघरात रिकामा ठेवू नाही," त्या म्हणाल्या. "आणि समोर पाहून चालव."