बाळंतिणींची बैठक, मारुतीच्या देवळात

बोलावूनही बाया येत नाहीत, ही आरोग्य खात्यातली जुनी तक्रार आहे. रूपालीही ती करायची. कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका गावात, उपकेंद्रावर ती समुदाय आरोग्य अधिकारी होती. नोकरी सांभाळून ती सार्वजनिक आरोग्य आणि समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होती. आठवडाभर उपकेंद्र, रविवारी जालन्यात वर्ग. प्रबंधासाठी तिनं आपल्याच गावातल्या माता बैठका निवडल्या होत्या.

त्या रविवारी तिनं वर्गात निष्कर्ष वाचून दाखवला. गावातल्या महिला स्वतःच्या आरोग्याबाबत उदासीन आहेत, असा तो होता.

"परवाचंच सांगते," ती म्हणाली. "आमच्या आशाताई आजारी आहेत, घरभेटी बंद पडल्यात. म्हणून बाळंतिणींसाठी खास बैठक लावली. कोणता ताप धोक्याचा, कधी दवाखान्यात यायचं, सगळं सांगायचं होतं. दैवशाला म्हणून एक नुकतीच बाळंत झालीय, तिला तर दोनदा निरोप धाडला. ती आली नाही. इतर चार-दोन बाया आल्या, पण एकही बाळंतीण आली नाही!"

मागच्या बाकावर राजानंद बसले होते. बदनापूर तालुक्यात आरोग्य सहायक, निवृत्तीला आलेले. वर्ग त्यांना मामा म्हणायचा. पेन्शनच्या वयात डिग्री कशाला, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "वर गेल्यावर इंटरव्ह्यू हाय म्हनं." आज मात्र ते गंभीर होते.

"बैठक भरवली कुठं, ताई?"

"मारुतीच्या सभामंडपात. फरशी आहे, पंखे आहेत, माईकवर पुकारता येतं. आधीपासून तिथंच भरते."

"बाळंतिणीला देवळात बोलावलं?"

कोणीतरी हसलं. रूपालीचा चेहरा उतरला.

"सभामंडपात, मामा. गाभाऱ्यात थोडंच! आणि विटाळबिटाळ मी मानत नाही."

"तुमी न्हाई मानत. तिची सासू मानती का, हे इचारलं? अन् आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाया किती आल्त्या?"

"त्यांना कोण अडवतंय? बिलकुल कोणी नाही."

"बराबर. कोनीच अडवत न्हाई. माझी बहीन बेबीनंदा तुमच्याच गावात दिलेली हाय. आमी बौद्ध. देवळात जायचं न्हाई, हे आमचं आमीच ठरवलेलं. तिला आरोग्याची माहिती पायजे, त्याच्यासाठी देवळाची पायरी कामून चढायची? जागा अशी निवडली, की ज्यांना गरज त्येच भाईर राह्यले. अन् वरून तुमी त्यांनाच उदासीन म्हनून राह्यल्या!"

"म्हणजे सगळा दोष माझा? विटाळ पाळणाऱ्यांचा काहीच नाही?"

"हाय ना! विटाळ चूकच हाय. पर ती चूक मोडायला वरसं लागतेत. ताप तवर थांबत न्हाई, ताई."

रूपालीला राग आला. तो दुसऱ्या दिवशीही उतरला नव्हता. तरीही उपकेंद्र उघडण्याआधी ती दैवशालाच्या घरी गेली. निदान मामांना सांगता येईल की बाई ठणठणीत आहे, नुसता आळस होता!

दारात सासू केशरबाई आडवी आली. "आत नका येऊ बाई, बाळंतपनाचं सुवेर हाय, इटाळ हुईल."

"केशरबाई, मी आरोग्यवाली. मला कसलं सुवेर?"

मागच्या अंधाऱ्या खोलीत दैवशाला गोधडीखाली थरथरत होती. बाळ कुशीत निजलेलं होतं. खोलीत अंगावरून जाणाऱ्या रक्ताचा कुबट वास होता. कपाळाला हात लावताच रूपालीनं तो झटकन मागं घेतला.

"कधीपासून ताप आहे?"

"झाले की दोन-तीन दिस," केशरबाई म्हणाली. "दूध उतरायचा ताप असंल म्हनलं."

"अहो, हेच तर बैठकीत सांगितलं मी! असा ताप अंगावर काढायचा नसतो म्हणून!"

केशरबाई कडाडली. "कुठं सांगितलं? देवळात! सुवेराची बाई मी मारुतीपुढं नेऊ व्हय? घरात सुवेर असता मीबी कशी येनार? तुमी गावाला सांगितलं असंल बाई, आमाला कोनी सांगितलं?"

जिच्यासाठी बैठक, तिलाच बैठकीचं दार बंद! आणि ते दार लावलं होतं रूपालीनंच!

तिनं रुग्णवाहिका बोलावली. जालन्याच्या दवाखान्यात कळलं की वारेचा तुकडा आत राहून गेला होता, संसर्ग रक्तात पसरत होता. दैवशाला वाचली. तिची गर्भपिशवी मात्र काढावी लागली. तिचं वय तेव्हा बाविशीच्या आतलं होतं.

रूपालीनं प्रबंधाला मुदत मागून घेतली आणि काम मुळापासून सुरू केलं. बाळंतिणीला आता ती घरीच जाऊन भेटू लागली. बैठक गल्लीगल्लीत भरू लागली. पहिली भरली बेबीनंदाच्या अंगणात. "इतकं चांगलं मंदिर सोडून तिकडं कशाला?" असं गावात काहींनी विचारलं. वरच्या आळीतल्या बऱ्याच बाया आल्याच नाहीत. एका बैठकीनं गाव बदलत नाही.

केशरबाई मात्र आली. बराच वेळ अंगणाच्या कडेला उभी राहिली. बेबीनंदानं सतरंजीवर जागा केली तेव्हा बसली. रूपाली तापाबद्दल सांगू लागली, तशी ती मध्येच बोलली, "थांबा बाई, मी सांगते." मग बाकीच्या सासवांकडे वळून म्हणाली, "सुनंला ताप आला तर दूध उतरलं म्हनू नका गं. जल्दी दवाखान्यात न्या. सुवेर काय, धा दिसांत फिटतं. माझ्या सुनंचं जे गेलं ते आता भरून येत न्हाई." बेबीनंदानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

वाचकहो, आपणही कुठं ना कुठं लोकांना बोलावतो. शाळेत, कचेरीत, ग्रामसभेत. न येणाऱ्यांना अडाणी किंवा उदासीन ठरवणं सोपं असतं, शिकलेल्यांना तर फारच सोपं. त्याआधी आपण निवडलेल्या जागी कोणाला येता येत नाही, याची चौकशी आपण स्वतः जाऊन करायला हवी. समाजकार्याच्या शिक्षणाला तिथूनच सुरुवात होते. ती चौकशी रूपालीनं केली, पण दैवशालासाठी ती उशिरा झाली. आपण तो उशीर करू नये.