हिरवी टाचणी

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तो सरकारी नकाशा व्हर्नाच्या सासऱ्यांच्या वेळचा. तपकिरी रेषांच्या लाटांमागे लाटा, टेकडीमागे टेकडी, आणि त्या अफाट माळरानात चार पवनचक्क्या नि एक घर. घराबाहेर पडताना जिकडे जायचं तिथं आपली टाचणी टोचायची, परतल्यावर घरावर लावायची. माणूस आला नाही तर कुठं शोधायचं ते मागच्यांना कळायचं. व्हर्नाची पांढरी, नवऱ्याची, ओरिनची, काळी. लेकाची, केलची, हिरवी.

हिरवी कित्येक हिवाळे उत्तरेच्या पवनचक्कीवरच होती. हिमवादळात गायी वळवायला गेलेला केल तिथं गोठलेला सापडला. ती टाचणी काढायला कुणाचा हात धजला नाही.

आज कोंबड्यांना दाणे टाकून व्हर्ना आत आली, तर ओरिन घरात नव्हता. काळी टाचणी घरावरच. हिरवीच्या जागी नुसतं भोक.

ओरिनला हल्ली काल-आजचं भान नसे. म्हणून ट्रकची किल्ली तिनं लपवली होती. तो घोडी घेऊन गेला होता. आभाळ शिशासारखं झालेलं, बर्फ भुरभुरू लागलेलं. व्हर्नानं ट्रक उत्तरेच्या पवनचक्कीकडे पिटाळला.

नकाशावर ती पवनचक्की धडधाकट उभी होती. माळावर तिचे चार गंजके पाय उरलेले. त्यांच्यात ओरिन बसला होता, बिनकोटाचा.

"काय गं म्हातारे, एवढा ट्रक पळवलास? कॉफी करपली का?"

"घरी चल आधी. हात बघ, लाकडं झालीत नुसती."

"केलला घेतल्याशिवाय नाही. त्याची टाचणी इथं होती. तो काय तुझ्यासारखा विसराळू आहे?"

त्यानं मूठ उघडली. हिरवा ठिपका.

मागं तिनं खरं सांगितलं, तेव्हा दर वेळी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा कोसळला होता. आज तिचा धीरच झाला नाही.

"दुसऱ्या वाटेनं घरी पोचला असेल," ती म्हणाली.

"मग टाचणी घरावर लावायला हवी. उगाच लोक शोधत बसतील."

घरी येताच आखडलेल्या बोटांनी त्यानं हिरवी टाचणी काळीशेजारी टोचली. मग जिन्याशी जाऊन हाक मारली, "केल, जेवायला ये रे!" रस्सा निवला. पुन्हा हाक. पुन्हा. शेवटी तो तिच्याकडे वळला.

"घरी आलाय म्हणालीस ना?"

मग तिला सांगावंच लागलं.

रडून रडून तो खुर्चीतच झोपला. व्हर्नानं त्याच्या पायांवर गोधडी टाकली, हिरवी टाचणी घरावरून उपटली आणि चाचपत त्या जुन्याच भोकात पार भिंतीपर्यंत दाबली. उद्या तो पुन्हा निघाला, तर निदान कुठं शोधायचं ते कळेल.